माघारीची किंमत

गणिताच्या सदरात युद्धाचे प्रश्न कशाला, असं एका वाचकानं विचारलंय. त्यांना एवढंच सांगते की गेम थिअरी, म्हणजे एकाचा फायदा-तोटा दुसऱ्याच्या निर्णयावरही अवलंबून असतो तेव्हा कुणी कसं वागावं याचं शास्त्र, मी बी.एस्सी.च्या मुलांना गणित म्हणूनच शिकवत आले. कॉलेजातून निवृत्त झाल्यावरही हा विषय मला सोडवला नाही. आणि मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षानंतर माझ्या टपालात सर्वांत जास्त पत्रं याच विषयाची आहेत. त्यातली तीन निवडली.

प्रश्न : बाई, माझे वडील ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे विमान कारखान्यात होते. मे २०२५ मध्ये मॉक ड्रिलच्या यादीत नाशिक, सिन्नर, मनमाड ही नावं आली तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा खरी भीती वाटली. त्याच आठवड्यात टीव्हीवर एक जण ठासून सांगत होते, की अणुसंघर्षात जो नेता जास्त बेभान दिसतो तोच जिंकतो आणि हे गेम थिअरीनं सिद्ध केलंय. हे खरं आहे का? — एक वाचक, ओझर

उत्तर : असं काहीही सिद्ध झालेलं नाही. त्या गृहस्थांनी अर्धा धडा सांगितला, आणि तेवढाच ऐकून कुणी वागलं तर सर्वनाश ओढवेल.

आधी तो अर्धा धडा बघू. एकाच रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर भरधाव येतात. जो आधी वळेल तो भित्रा ठरतो, कुणीच वळलं नाही तर दोघंही मरतात. या खेळाला ‘चिकन’ म्हणतात. अण्वस्त्रं बाळगणाऱ्या सत्तांच्या वागण्याची तुलना या खेळाशी तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९५९ मध्येच केली होती. पुढे अणुयुद्धाचे अमेरिकी अभ्यासक हर्मन कान यांनी यातला टोकाचा डाव सांगितला : समोरच्याला दिसेल असं आपलं स्टीअरिंग उपटून खिडकीबाहेर फेकून द्यायचं. मग वळण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. स्वतःचे हात बांधून घेणं हीसुद्धा ताकद असू शकते, हा विचार थॉमस शेलिंग यांनी फार खोलात जाऊन मांडला. त्यांना २००५ मध्ये रॉबर्ट ऑमन यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. इथवर टीव्हीवरचे गृहस्थ बरोबर आहेत.

आता उरलेला अर्धा. हा डाव चालायला आपण स्टीअरिंग फेकलेलं समोरच्याला दिसायला हवं. दिसल्यावर पटायलाही हवं. आणि त्यानं स्वतःचं अजून फेकलेलं नसावं. यातली एक अट जरी हुकली तरी टक्कर होते.

बेभान दिसण्याचा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे. ऑक्टोबर १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी गुप्तपणे अमेरिकेची अण्वस्त्र दलं सज्ज केली आणि बी-५२ बॉम्बफेकी विमानं उडवली. हेतू असा, की निक्सन काहीही करू शकतो अशी धास्ती मॉस्कोनं घ्यावी आणि व्हिएतनाम युद्ध संपवायला हनोईवर, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या सरकारवर दबाव आणावा. हनोई ढिम्म हललं नाही. करार व्हायला जानेवारी १९७३ उजाडलं. जोखीम मात्र पूर्ण पत्करली होती, तीही अमेरिकी जनतेला अंधारात ठेवून.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की देश ही एका माणसाच्या हातातली गाडी नसते. सोव्हिएत संघानं अमेरिकेजवळच्या क्युबा बेटावर अण्वस्त्रांची क्षेपणास्त्रं आणून ठेवल्यामुळे उभ्या राहिलेल्या संकटातला एकच दिवस घ्या, शनिवार, २७ ऑक्टोबर १९६२. त्या दिवशी क्युबावर अमेरिकेचं यू-२ टेहळणी विमान पाडलं गेलं आणि वैमानिक मेजर रुडॉल्फ अँडरसन मारले गेले. क्षेपणास्त्र सोडायचा हुकूम मॉस्कोचा नव्हता, क्युबातल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनी तो आपल्या पातळीवर दिला होता. त्याच दिवशी अलास्कातून उडालेलं दुसरं यू-२ ध्रुवाजवळ वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. त्याला पाडायला मिग झेपावले आणि त्याला सोडवायला निघालेल्या अमेरिकी लढाऊ विमानांवर अण्वस्त्रं होती. हे कळल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी अशा अर्थाचं बोलले, की निरोप न पोचलेला असा एखादा असतोच. आणि त्याच दिवशी समुद्रात बी-५९ ही सोव्हिएत पाणबुडी अमेरिकी विनाशिकांच्या वेढ्यात सापडली. तिला वर यायला लावण्यासाठी वर इशाऱ्याचे स्फोट चालले होते. आत उकाड्यानं माणसं कोसळत होती, मॉस्कोशी संपर्क नव्हता आणि जवळ एक अण्वस्त्रधारी टॉर्पेडो होता. पाणबुडीवरच्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार कप्तान साविट्स्की टॉर्पेडो तयार ठेवायच्या गोष्टी बोलू लागला होता आणि वासिली अर्खिपोव्ह या वरिष्ठ अधिकाऱ्यानं त्याला शांत केलं.

या तिन्ही घटनांमध्ये केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी ठरवलेलं काय होतं? काहीच नाही. या अवस्थेत वरचा माणूस बेभान दिसायला लागला, तर खालचे शेकडो अधिकारी आपापल्या जागी तेच रूप घेतात. मला या डावातली सर्वांत मोठी भीती हीच वाटते.

म्हणून त्या संध्याकाळचा केनेडींचा निर्णय मी मुलांना आवर्जून सांगायचे. यू-२ पाडलं तर ते पाडणाऱ्या तळावर हल्ला करायचा, हे त्यांच्या सल्लागार मंडळात आधीच ठरलं होतं. म्हणजे स्टीअरिंग जवळजवळ फेकलेलंच होतं. विमान खरंच पडल्यावर केनेडींनी हल्ला थांबवला. त्याच रात्री धाकटे बंधू रॉबर्ट सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना भेटले. क्युबावर आक्रमण करणार नाही हे वचन अमेरिका जाहीरपणे देईल आणि तुर्कस्तानातली आपली ज्युपिटर ही अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं काही महिन्यांत हलवली जातील, पण ही दुसरी गोष्ट कुठेही बोलायची नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं मागे घेत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे दोघंही वळले, आणि वळताना दोघांच्याही हातात आपल्या माणसांना दाखवण्यासारखं काहीतरी राहिलं. याचा गणिताशी काय संबंध, ते पुढच्या उत्तरात येतंय. तेही जरूर वाचा.

प्रश्न : मॅडम, मी एस.वाय.ला आहे. गेम थिअरीच्या कोष्टकात आपण फायद्या-तोट्याचे अंक लिहितो. अणुयुद्धाला किती अंक द्यायचे? उणे हजार? उणे अनंत? हे ठरवतं कोण? — एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : फार चांगला प्रश्न विचारलास. वही-पेन घे.

दोघंही वळले तर दोघांना ०. एकच वळला तर न वळणाऱ्याला +१ आणि वळणाऱ्याला −१. कुणीच वळलं नाही तर दोघांना −१००. समोरचा न वळण्याची शक्यता ‘प’ मान. मी वळले तर माझी सरासरी −प. मी सरळ गेले तर (१ − प) − १००प. समतोलात, म्हणजे डाव बदलून कुणालाच जास्त मिळणार नाही अशा स्थितीत, या दोन्ही सरासऱ्या सारख्या असतात, म्हणून प = १/१००. मीही तेवढ्याच शक्यतेनं वळत नाही, तेव्हा टक्कर व्हायची शक्यता दहा हजारांत एक. शंभराच्या जागी हजार घेतलेस तर ती दहा लाखांत एक होते. शून्य मात्र कधीच होत नाही. टक्कर जितकी भयंकर तितके लोक तिला टाळतात हे खरं, पण नुसत्या भयानं धोका संपत नाही, हे इथे स्वच्छ दिसतं.

आता टक्करीचे −१०० तसेच ठेव आणि फक्त एक अंक बदल. वळणाऱ्याची नामुष्की −१ नव्हे, −९१ धर, दोघांसाठीही. वळले तर −९१प, सरळ गेले तर १ − १०१प. समीकरण सोडव. प = १/१०. टक्करीची शक्यता शंभरात एक, म्हणजे आधीच्या शंभरपट! बॉम्ब तेच, देश तेच. माघारीची किंमत तेवढी वाढली.

वर्षानुवर्षं फळ्यावर हे सोडवूनही हा आकडा बघून मी दर वेळी अस्वस्थ होते. कारण ही किंमत वाढवणं फार सोपं असतं. रोज रात्री टीव्हीवर ‘आता माघार म्हणजे कलंक’ असं ओरडलं की झालं. नेत्यानं सभेत शपथ घेतली की आणखी वाढली. शत्रूची खिल्ली उडवली की त्याचीही वाढली, आणि ते आपल्यालाच महागात पडतं.

अंक ठरवतं कोण, या तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर अवघड आहे. प्रत्येक नेता ते मनातल्या मनात ठरवतो आणि त्याचं कोष्टक देशाच्या कोष्टकाहून वेगळं असू शकतं. देशाच्या दृष्टीनं माघार −१ असेल, पण त्याची खुर्ची जाणार असेल तर त्याच्यापुरती ती −९१ असते. ख्रुश्चेव्ह यांचंच बघ. तुर्कस्तानची बाजू गुप्त राहिल्यामुळे जगाला फक्त त्यांची माघार दिसली. ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांना पदावरून काढलं, आणि त्यामागच्या कारणांत क्युबाही होतं. म्हणजे माघारीचं बिल एकट्यानं भरलं. केनेडींचं मला कौतुक आहे, तरी ही वाटणी न्याय्य नव्हती असंच माझं मत आहे.

उणे अनंत लिहू नकोस. तसं लिहिलं की गणित सांगतं, कुणी कधीच धमकी देणार नाही. इतिहास तसा नाही.

प्रश्न : बाई, माझा मुलगा तोफखान्यात आहे. आम्ही देवळाली कॅम्पला राहतो. आपला देश ‘अण्वस्त्र आधी वापरणार नाही’ म्हणतो, पाकिस्तान तसं म्हणत नाही. मग आपणच हात बांधून घेऊन दुबळे झालो का? — एक आई, देवळाली कॅम्प

उत्तर : ताई, नाही. पहिल्या उत्तरात हात बांधून घेणं म्हणजे ताकद, असं आलंय. इथेही हात बांधले आहेत, फक्त उलट्या दिशेनं.

अणुसंघर्षातला सर्वांत वाईट फेरा असा असतो : तो आधी मारेल म्हणून मी आधी मारतो, आणि मी मारीन या भीतीनं तो त्याही आधी मारतो. दोघांनाही युद्ध नको असलं तरी या फेऱ्यात ते होऊ शकतं. आपल्या मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीनं ४ जानेवारी २००३ ला जाहीर केलेलं धोरण हा फेरा आपल्या बाजूनं तोडतं. अण्वस्त्र आधी वापरणार नाही, पण आपल्यावर वापरलं गेलं तर प्रत्युत्तर प्रचंड असेल, आणि तो निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची राजकीय परिषदच घेईल. पहिला घाव सोसूनही आपल्याकडे काहीतरी शिल्लक राहणार असेल तरच हे बोलणं खरं वाटतं. त्यासाठी समुद्रात लपून राहणारी, अण्वस्त्रं बाळगणारी अरिहंतसारखी पाणबुडी लागते. तिची पहिली गस्त पूर्ण झाल्याचं नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झालं. ऑगस्ट २०१९ मध्ये संरक्षणमंत्री पोखरणमध्ये म्हणाले, की ‘आधी वापरणार नाही’ या धोरणाचं पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून राहील. ते विधान व्हायला नको होतं असं मला वाटतं, कारण संकटाच्या रात्री समोरच्याला आपल्याबद्दल जितकी कमी शंका असेल तितकं तुमच्या-माझ्या मुलांसाठी बरं.

संयम म्हणजे दुबळेपणा नव्हे, याचं उदाहरण तोफखान्याच्या घरात मी वेगळं काय सांगणार! कारगिल, १९९९. अणुचाचण्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. २६ मेपासून हवाई दल उतरलं, पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, हा वाजपेयी सरकारचा हुकूम होता. २७ मेला दोन मिग गेली, २८ ला हेलिकॉप्टर गेलं. तरी हुकूम बदलला नाही. त्या बंधनाची किंमत आपल्या जवानांनी उभे कडे चढून मोजली आणि बोफोर्सनी शिखरं भाजून काढली. टायगर हिल, तोलोलिंग परत आलं. पाकिस्तानला मागे जायला वाट उरली आणि जगाची सहानुभूती आपल्याकडे राहिली.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार दोन्ही देशांनी ३१ डिसेंबर १९८८ ला केला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना दिली जाते. १ जानेवारी २००२ आठवा. संसदेवरच्या हल्ल्याला तीन आठवडेही झाले नव्हते आणि दोन्ही सैन्यं सीमेवर सरकत होती. त्या दिवशीही दिल्लीत आणि इस्लामाबादेत याद्यांची देवाणघेवाण झाली. मे २०२५ मध्येही १० तारखेला संध्याकाळपासून गोळीबार थांबवायचं ठरलं, ते दोन्हीकडच्या डीजीएमओंच्या, म्हणजे लष्करी कारवायांच्या प्रमुखांच्या, दुपारच्या फोनवर. अशा कंटाळवाण्या, कागदी गोष्टींवर माझा फार विश्वास आहे.

पण त्यात एक भोक आहे. ९ मार्च २०२२ ला आपलं एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानी पंजाबात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यावर स्फोटकं नव्हती, कुणी मेलं नाही. चूक झाल्याचं आपण ११ मार्चला जाहीर केलं आणि पुढे हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. पाकिस्ताननं उलट काही डागलं नाही, हेही नोंदवायला हवं. आता बघा, बॅलिस्टिक, म्हणजे उंच फेकलं जाऊन खाली कोसळणाऱ्या क्षेपणास्त्राची चाचणी घ्यायच्या आधी एकमेकांना कळवायचं, असा करार ऑक्टोबर २००५ मध्ये झालेला आहे. विमानासारखी हवेत उडत जाणारी क्रूझ क्षेपणास्त्रं त्यात नाहीत, आणि ब्राह्मोस क्रूझ आहे. तुमच्या खासदारांना पत्र लिहिणार असाल तर एवढीच एक मागणी लिहा : क्रूझ क्षेपणास्त्रंही त्या करारात घ्या, आणि एखादं चुकून सुटलं तर काही मिनिटांत फोन कुणी कुणाला करायचा, ते आधीच ठरवून ठेवा. मीही माझं पत्र धाडलं आहे.