डॉक्टरांनी ‘पळा’ म्हटलं, तरी पाय उचलत नाही

जून उजाडला की माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न यायला लागतो. साताऱ्यात समुपदेशन करायचं म्हणजे हे ओघानं आलंच. २०१२ पासून इथे हिल हाफ मॅरेथॉन होते. पावसाळा सरत आला की हजारो माणसं यवतेश्वरचा घाट पळत चढतात आणि पळतच उतरतात. त्यातल्या काहींचा मागचा हंगाम मात्र प्लास्टरमध्ये नाहीतर फिजिओच्या टेबलावर गेलेला असतो. आता डॉक्टरांनी परवानगी दिलेली असते, बूट नवे घेतलेले असतात, नावनोंदणी झालेली असते. आणि तरी समोर बसून म्हणतात, “मॅडम, पुन्हा तसंच झालं तर?”

कुणाची नडगीच्या हाडातली बारीक चीर, कुणाची टाच, कुणाचं लिगामेंट. वाक्य मात्र तेच. म्हणून एकीची हकिकत सांगते, ओळख पटणार नाही इतकं बदलून.

त्यांना इथे बाईच म्हणते, कारण हायस्कुलातली मुलं त्यांना तेच म्हणतात. बाई गणित शिकवतात. पंचेचाळिशीच्या आहेत, हा घाट आधी तीनदा पळालेल्या. आदल्या जुलैत पावसात स्कूटर घसरली, डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. माझ्याकडे आल्या तेव्हा त्याला अकरा महिने होत आले होते.

अशा माणसाला मी पहिल्यांदा एकच विचारते, फिजिओ काय म्हणतात? कारण भीती कधीकधी बरोबर असते. पाय तयार नसताना मी मन तयार करून दिलं, तर तो माझा गुन्हा. लिगामेंटच्या ऑपरेशननंतर खेळात परतायला साधारण नऊ महिने तरी थांबवतात, दोन्ही मांड्यांची ताकद मोजतात आणि ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या निदान नव्वद टक्के भरला की पुढचं बोलतात. बाईंचा ब्याण्णव भरला होता. सपाटीवर आठ-दहा किलोमीटर त्या पळतही होत्या.

“मग अडतंय कुठे?”

“उतारावर. पाय उचलतच नाही. चढाचं काही वाटत नाही मला.”

याला वेडगळपणा म्हणता येत नाही. चढताना दम लागतो, पण गुडघ्याची खरी परीक्षा उतारावरच असते. प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जाता जाता ब्रेकचं काम करतो आणि सांध्यावर सपाटीपेक्षा जास्त भार येतो. त्यात आपल्याकडे तो रस्ता ओला, धुक्यातला. बाईंची भीती गणितासारखीच काटेकोर होती, फक्त तिच्यात एक पायरी चुकत होती. ती कुठली, हे मला दोन बैठका कळलं नाही.

त्या दोन बैठकांत मी काय केलं? धीर दिला. रिपोर्ट चांगला आहे, फिजिओ खूश आहेत, तुम्ही तीनदा पळालेल्या आहात वगैरे. बावीस वर्षं हे काम करूनही हात त्याच सवयीकडे जातो. धीर चहासारखा असतो, तरतरी तासभर. बाई खाली उतरल्या की पुन्हा मोबाइल काढून ‘लिगामेंट दुसऱ्यांदा तुटणे’ शोधायच्या. आणखी दोन डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून झाले होते. तिघांचं मत एकच, तरी चौथ्यांची वेळ घेतलेली.

माझी खोली एका जुन्या वाड्याच्या माडीवर आहे. लाकडी जिना, मधल्या दोन पायऱ्या करकरणाऱ्या. आलेला माणूस मला दिसण्याआधी ऐकू येतो. तिसऱ्या बैठकीनंतर बाई उतरत होत्या आणि मी वहीत टिपण करत होते. खालून आवाज येत होता, ठक-ठक. मग थांबा. ठक-ठक. एका पायरीवर दोन आवाज.

मी उठून दारात गेले. “बाई, तिथेच थांबा. आधी कोणता पाय टाकता?”

त्यांनी खाली पाहिलं. “डावा. ऑपरेशनचा. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला.”

“हे कुणी सांगितलं?”

“फिजिओंनी. कुबड्या होत्या तेव्हा...” आणि त्या बोलायच्या थांबल्या. कठडा घट्ट धरलेल्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या. कुबड्या जाऊन नऊ महिने झाले होते.

त्यांना परत वर बोलावलं. पुढच्या माणसाला अर्धा तास बसवून ठेवावं लागलं, पण अशी वेळ पुन्हा येत नाही.

“कशाची वाट बघताय?”

“एकदा खात्री झाली पाहिजे ना मॅडम, की पुन्हा होणारच नाही.”

‘होणारच’. आपल्या भाषेत हा ‘च’ फार स्वस्त आहे, बोलताना लक्षातही येत नाही. पण माझ्या कामाचा अर्धा भाग या एका अक्षराचा माग काढण्यात जातो. पुन्हा होऊ नये ही इच्छा. पुन्हा होणारच नाही याची हमी हवी, हा हट्ट. इच्छा माणसाला काळजी घ्यायला लावते, हट्ट जिन्यावर उभा करून ठेवतो. असे हट्ट हुडकायला शिकवणाऱ्या अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या वाटेची मी आहे, हे एव्हाना ओळखणाऱ्यांनी ओळखलं असेल.

पण हे बाईंना समजावून सांगितलं असतं तर तोही चहाच झाला असता. म्हणून त्यांच्याच विषयात शिरले.

“दहावीला संभाव्यता शिकवता ना? शून्य कधी येते?”

“घटना अशक्य असेल तेव्हा.”

“मग तुमचा गुडघा पुन्हा दुखावण्याची संभाव्यता शून्य कधी येईल?”

त्या गप्प झाल्या. मीही. अशा वेळी बोलायचा मोह आवरणं हेच आमचं कसब, आणि ते मला जमतं असं म्हणायला आता हरकत नसावी. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मग बाईंच्या चेहऱ्यावर, एखादं पोर वर्गात अनपेक्षित बरोबर उत्तर देतं तेव्हा येत असेल तसं काहीतरी आलं.

“गुडघाच नसेल तेव्हा,” त्या म्हणाल्या आणि खो-खो हसल्या. हसता हसता डोळे पुसले.

मी इतकं चांगलं उत्तर तयार ठेवलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगते. त्या दिवसानंतर मी ते कितीजणांना ऐकवलं असेल! भीती गेली की पळू, असं सगळे म्हणतात. ती आधी जात नाही. हमी मिळणार नाही हे मान्य झालं की ती आपल्या जागी, मागच्या बाकावर जाऊन बसते.

चौथ्या डॉक्टरांची वेळ त्यांनी तिथेच फोन करून रद्द केली. जाताना जिना एका पायरीला एक पाय असा उतरल्या. कठडा धरून, पण उतरल्या.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच लोक ते टाळतात. पंधरा दिवस नुसता जिना. मग अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यानं चढायचं आणि चालत उतरायचं. मग उतारावर शंभर पावलं पळायची, शंभर चालायची. फिजिओंना विचारून दर आठवड्याला थोडं वाढवायचं. सोबत वहीत दोन रकाने: ‘काय होईल वाटलं’ आणि ‘काय झालं’. उतरण्याआधी पहिला रकाना भरायचा, घरी आल्यावर दुसरा. तुम्हालाही हे करता येईल, फक्त पहिला रकाना नंतर भरू नका. मन हिशेबात फेरफार करतं.

दुखणार नाही असं मात्र कधी ठरवू नका. दुखणं आणि दुखापत यांत फरक आहे. दहापैकी दोन-तीन इतकं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बसलं, तर बहुधा ती स्नायूची कुरकुर असते. सूज आली, लंगडायला लागलो, गुडघा अडकला किंवा अचानक सुटल्यासारखा वाटला, तर थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. तिथे धैर्य दाखवायचं नसतं.

घरच्यांचं एक राहिलंच. बाईंचे यजमान एकदा आले आणि म्हणाले, “या वयात काय गरज आहे?” मी त्यांना एवढंच म्हटलं, “गरज नाहीच. त्यांना आवडतं.” ते माझ्याशी सहमत झाले असं नाही, पण पहाटे अजिंक्यताऱ्यावर त्यांच्यासोबत जाऊ लागले.

एक गाठ शेवटपर्यंत चिवट राहिली. आधी ज्या वेळेत घाट पुरा केला होता, त्यापेक्षा अर्धा तास जास्त लागणार होता. शाळेतले सहकारी विचारणार. “मग सांगा, अर्धा तास जास्त लागला,” मी म्हटलं. “नुसतं सांगायचं, कारण द्यायचं नाही.” स्टाफरूममध्ये त्यांनी याची आगाऊ तालीमच केली. दोघांनी ऐकलं, एकीनं डबा उघडला. एवढंच झालं.

स्पर्धेला मी जात नाही, तो माझा नियम आहे. त्यामुळे हे त्यांच्याकडून ऐकलेलं. चढ ठीक गेला. परतीला, तेराव्या किलोमीटरच्या सुमारास गुडघ्यात चमक आली. बाई बाजूला झाल्या, स्वतःला विचारलं: सूज? नाही. लंगडतेय? नाही. वाढतंय? दोनशे पावलं चालून पाहिलं, वाढलं नाही. मग पुन्हा पळू लागल्या. बोगद्यापर्यंत भीती सोबत होती म्हणाल्या. पुढे शहरात लोक टाळ्या वाजवत होते, तिथे ती कुठे गेली ते लक्षात आलं नाही. दोन तास एकावन्न मिनिटं.

पुढच्या आठवड्यात कंदी पेढे घेऊन आल्या. अर्धा डबा संपल्यावर म्हणाल्या, “मॅडम, जानेवारीत मुंबईला फुल करू का? बेचाळीस किलोमीटर.”

“ते आधी फिजिओंना विचारा,” मी म्हटलं.