याचिका जिंकलात तर मुलीचाच दाखला अडचणीत येईल

करवीर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. ते हिंदू चांभार समाजाचे, पण देवधर्म काही मानत नाहीत. मुलगी आठवीत असताना त्यांनी हायस्कूलला शपथपत्र दिलं: ‘मी हिंदू धर्माचा त्याग करून नास्तिक धर्म स्वीकारला आहे. माझ्या मुलीचा धर्मही यापुढे नास्तिक असा नोंदवावा.’ शाळेने जनरल रजिस्टरला तशी नोंद केली आणि दहावीनंतरच्या दाखल्यावर ‘नास्तिक – चांभार’ असं आलं. मुलगी आता अकरावी सायन्सला आहे. कॉलेजने जात पडताळणीचा प्रस्ताव मागितला, तिथल्या क्लार्कने दाखला बघून कागद परत केले. आता वाचक विचारतात, नास्तिकतेला धर्म म्हणून मान्यता मिळावी यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे याचिका करता येईल का?

याचिका कुणालाही करता येते. तुम्ही करू नका, कारण जिंकलात तर मुलीची अनुसूचित जातीची सवलतच धोक्यात येईल.

सगळं प्रकरण संविधान (अनुसूचित जाती) आदेश, 1950 च्या तिसऱ्या परिच्छेदावर उभं आहे. हिंदू, शीख किंवा बौद्ध धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, असं तो सांगतो. मूळ आदेशात पंजाबमधल्या काही शीख जाती सोडल्या तर फक्त हिंदू होते. सगळे शीख 1956 मध्ये आले, बौद्ध 1990 मध्ये. अट वेगळा धर्म मानण्याची आहे. कुठलाच धर्म न मानणाऱ्याबद्दल परिच्छेद काही बोलत नाही. म्हणजे नास्तिकता हा धर्म नाही तोवर तुमची मुलगी या परिच्छेदाच्या तावडीत सापडत नाही. न्यायालयाने उद्या तो धर्म ठरवला की तो ‘वेगळा धर्म’ झाला. हे तुम्ही तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या सहीने लिहून दिलंच आहे. आता त्यावर न्यायालयाचा शिक्का मागताय.

नास्तिकता धर्म ठरू शकते का, याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. देव नाही म्हणून धर्म नाही, असं आपल्याकडे चालत नाही. शिरूर मठाच्या 1954 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की धर्म ईश्वरवादी असलाच पाहिजे असं नाही. बौद्ध आणि जैन धर्म समोरच आहेत. धर्माला लागते ती अनुयायांच्या श्रद्धांची, तत्त्वांची काही एक चौकट. आणि धार्मिक संप्रदाय म्हणून संरक्षण हवं असेल तर समान श्रद्धा, समान संघटना आणि स्वतंत्र नाव या तीन गोष्टी. अरविंद सोसायटीसारखी संघटित, ग्रंथसंपन्न मंडळीसुद्धा 1982 मध्ये या कसोटीवर बहुमताने नापास झाली. नुसतं देव न मानणं त्यात बसेल असं मला वाटत नाही. बसवण्याची गरजही नाही. अनुच्छेद 25 मध्ये धर्मस्वातंत्र्याआधी सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य लिहिलंय, नास्तिकाला तेवढं पुरतं. त्याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये डॉ. रणजित मोहिते यांच्या याचिकेत सांगितलं की शासन कुणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही आणि ‘माझा कोणताही धर्म नाही’ असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. राजपत्रात तशी नोंद करायला शासकीय मुद्रणालयाने नकार दिला होता, त्यावरून तो वाद झाला. तुमचं शपथपत्र या निकालाच्या मागून नऊ-दहा वर्षांनी झालेलं, तरी मसुदा धर्मांतराचा. टंकलेखकाकडे धर्मांतराचा नमुना तयार होता, त्यात मोकळ्या जागी ‘नास्तिक’ भरलं गेलं आणि तुम्ही न वाचता सही केलीत. विवेकवादी माणसाने निदान स्वतःचं शपथपत्र तरी चिकित्सक नजरेने वाचावं.

शपथपत्रातलं हे धर्मत्यागाचं वाक्य किती महागात पडू शकतं, यासाठी पंजाबराव विरुद्ध मेश्राम हा सर्वोच्च न्यायालयाचा 1964 चा निकाल बघा. नागपूरच्या डॉ. मेश्राम यांनी राखीव जागेवरून निवडणूक लढवली होती. त्याआधी त्यांनी जाहीरपणे बौद्ध धर्म स्वीकारला होता आणि तेव्हा बौद्धांचं नाव आदेशात नव्हतं. ज्यांचा संबंध आहे त्यांना कळेल अशा रीतीने केलेली उघड घोषणा म्हणजे धर्म मानणं, असं न्यायालयाने ठरवलं आणि निवड टिकली नाही. नोटरीसमोर केलेलं, शाळेत दिलेलं शपथपत्र ही उघड घोषणा नाही असं म्हणणं अवघड आहे. तुमचा बचाव एवढाच की घोषणा झाली, पण ज्यात प्रवेश केला तो धर्मच अस्तित्वात नाही. पेरुमल नाडर प्रकरणात 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की धर्मांतराला प्रामाणिक हेतू आणि तो निःसंदिग्ध दाखवणारं वर्तन लागतं. तुम्ही ना दुसऱ्या कुठल्या समाजात गेलात, ना तिकडचे विधी केलेत. हा युक्तिवाद मला भक्कम वाटतो. जात पडताळणी समिती तो पहिल्या फेरीतच मान्य करेल, याची हमी मात्र देत नाही.

तेव्हा पहिलं काम, नवं खुलासा शपथपत्र. त्यात जुन्या शपथपत्राची तारीख आणि नोटरीचा नोंदणी क्रमांक लिहा, त्यातलं चुकीचं वाक्य जसंच्या तसं उद्धृत करा आणि पुढे एवढंच लिहा: ‘माझी ईश्वरावर श्रद्धा नाही. मी हिंदू, शीख वा बौद्ध धर्माहून वेगळा कोणताही धर्म कधीही स्वीकारलेला नाही व आजही मानत नाही. वरील वाक्य धर्मांतराच्या मसुद्यावरून चुकीने आले असून ते मी मागे घेत आहे.’ ‘मी श्रद्धाळू हिंदू आहे’ असं कुणी लिहायला सांगेल, लिहू नका. ते खोटं आहे आणि त्याची गरजही नाही. सरकारी कार्यालयात द्यायच्या शपथपत्राला मुद्रांक लागत नाही. पाचशेचा कागद गळ्यात मारत असतील तर नको म्हणा.

जुनं शपथपत्र लपवायचं नाही. त्याची प्रत सोबत जोडा. समितीचं समाधान झालं नाही तर तिचं चौकशी करणारं दक्षता पथक शाळेत जातं, रजिस्टर उघडतं, आणि तिथे तुमचा कागद टाचलेला आहे. पथकाने शोधून काढल्यावर खुलासा करणं आणि आधीच समोर ठेवणं यात फार फरक पडतो. 2000 च्या जातप्रमाणपत्र कायद्यात खोटी माहिती देऊन प्रमाणपत्र मिळवल्यास सहा महिने ते दोन वर्षं कारावासाची तरतूद आहे. शिवाय जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच असतो.

हायस्कूलच्या रजिस्टरमधली नोंद बदलून घ्यायच्या मागे आत्ता लागू नका. विद्यार्थी शाळेत असताना मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो आणि दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर उघड लेखनदोष सोडले तर काम रखडतं. त्याऐवजी प्राथमिक शाळेतून मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाचा रजिस्टर उतारा काढा. तो जुना आहे, शपथपत्राच्या आधीचा आहे, आणि त्यावर ‘हिंदू चांभार’ असणार. तुमचा, तुमच्या वडिलांचा शाळेचा उताराही जोडा. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद मिळते का बघा. संस्थान काळातल्या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात. उताऱ्यासोबत जाणकार मोडी वाचकाने केलेलं लिप्यंतर त्याच्या सही-शिक्क्यासह द्या, नाहीतर त्रुटी निघते.

पत्राच्या शेवटच्या ओळीत तुम्ही सहज लिहिलंय की चुलत भावाला 2019 मध्ये जात वैधता प्रमाणपत्र मिळालं आहे. अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं. वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या माणसाला रीतसर चौकशीनंतर मिळालेली वैधता हा जातीच्या मुद्द्यावर सर्वांत वजनदार कागद. त्याची प्रत, भावाचं संमतीचं शपथपत्र आणि दोघांचं नातं दाखवणारी वंशावळ नमुना 3 मध्ये द्या. मग जातीबद्दल फारसा वाद उरत नाही, धर्माचा तेवढा राहतो, आणि समितीपुढे बोलताना त्या एकाच मुद्द्यावर बोलायचं.

शिक्षणासाठीचा अर्ज नमुना 16 मध्ये कॉलेजमार्फत भरायचा, सोबत नमुना 17 चं शपथपत्र. अर्ज ऑनलाइन करून छापील संच विचारे माळावरच्या समिती कार्यालयात. हे अकरावीत असतानाच करा. नियमात निर्णयाला काही महिन्यांची मुदत आहे खरी, पण दक्षता चौकशी लागली की ती मुदत कागदावर राहते. सीईटीचा निकाल, प्रवेश फेरी आणि समितीची तारीख एका आठवड्यात आली की पालकांचे काय हाल होतात ते दर जुलैमध्ये दिसतं. वैधता प्रमाणपत्र द्यायला सहा महिन्यांची सवलत मिळेल, या भरवशावर तर अजिबात राहू नका. ती त्या-त्या वर्षीच्या शासन निर्णयावर असते. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये धर्माच्या रकान्यात ‘इतर’ निवडू नका, तो वेगळा धर्म म्हणून वाचला जाईल. प्रांताधिकाऱ्यांनी दिलेल्या जातप्रमाणपत्रावर जे आहे तेच भरा.

मुलगी अठराची होईपर्यंत अर्जावर सही तुमची. पण शपथपत्र दिलं तेव्हा ती अल्पवयीन होती, वडिलांची घोषणा ही तिची घोषणा नव्हे, हा मुद्दा लेखी म्हणण्यात वेगळा मांडा.

लग्न आणि वारसाहक्काचंही तुम्ही विचारलंय. थोडक्यात सांगायचं तर हिंदू वारसा कायदा मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी, ज्यू नसलेल्या जवळपास सगळ्यांना लागू होतो, नास्तिक असल्याने तो सुटत नाही. मात्र ही व्याख्या समितीपुढे पुढे करू नका. 1950 चा आदेश ‘मानणं’ बघतो, तिथे हा आधार तोकडा पडतो.

दावा फेटाळला गेला तर अपील नाही. समितीचा निर्णय अंतिम असतो आणि त्याला फक्त अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. ऑगस्ट 2025 पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापुरातच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत काम होतं. मात्र त्या याचिकेत ‘नास्तिकतेला धर्म समजावं’ ही मागणी चुकूनही जोडू नका. सरकारी वकील बाकी काही न बोलता तेवढाच परिच्छेद वाचून दाखवतील.