तीन इंच उचललेली कॅराव्हॅन आणि नाकारलेला विमा

गुहागर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आहे. त्यांनी खासगी वापरासाठी मोटार कॅराव्हॅन, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी घेतली, नोंदणी एमएच-०८. धोपावेहून दाभोळला जाताना ओहोटीच्या वेळी फेरीबोटीच्या उतारावर गाडीची शेपटी टेकली आणि मागच्या सांडपाण्याच्या टाकीचा नळ तुटला. घराच्या पाणंदीत तर तो नळ रोजच जांभ्या दगडाला घासायचा. म्हणून कोल्हापूरच्या एका गॅरेजमध्ये पाट्यांखाली (लीफ स्प्रिंगखाली) ब्लॉक, म्हणजे ठोकळे घालून गाडी मागून तीन इंच उचलून घेतली. दोन महिन्यांनी पावसात कुंभार्ली घाट उतरताना समोरून ट्रक आला. ब्रेक दाबला, पण गाडी पुढेच सरकत गेली आणि कठड्याला आपटली. सुदैवाने कोणाला इजा नाही. दुरुस्तीचा अंदाज दोन लाख चाळीस हजार. विमा कंपनीने ‘परवानगीशिवाय फेरबदल’ असं कारण देऊन दावा नाकारला, आणि तपासणीला आलेल्या मोटार वाहन निरीक्षकांनी फेरबदलाबद्दल दंडाचा मेमो दिला. ते विचारतात, ‘ब्लॉक काढून गाडी पूर्ववत केली तर प्रकरण मिटेल का?’

गुरुजी, आधी कळकळीची विनंती. ब्लॉकला हात लावू नका. गाडी जिथे आहे तिथेच, आहे तशी राहू द्या आणि चालवू तर मुळीच नका. का, ते पुढे सांगतो.

मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही, असा फेरबदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये जयचंद्र प्रकरणात हे आणखी घट्ट केलं: उत्पादकाने ठरवलेल्या गोष्टी राज्याच्या नियमांच्या आधारानेही बदलता येत नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ(4) प्रमाणे अशा प्रत्येक फेरबदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण त्याच कलम 52 ला एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे. गाडीच्या रचनेतल्या ज्या बदलामुळे तिचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं, तोच ‘फेरबदल’. तुमच्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर आहे, रिकामं वजन आहे, आसनसंख्या आहे. जमिनीपासूनच्या उंचीचा रकाना नाही. बसलेले पाटे बदलून कंपनीचेच नवे घातले असते, तर तो फेरबदल ठरलाच नसता. तीन इंचांच्या ब्लॉकने मूलभूत वैशिष्ट्य बदललं का? बदललं नाही असा युक्तिवाद करता येईल आणि मी तो करेनही, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू देणार नाही. म्हणून मेमोचा दंड ‘पाच हजारच तर आहेत’ म्हणून घाईने भरू नका. भरलात की गुन्हा कबूल केल्याचा कागद तयार होतो आणि विमा कंपनी तोच ग्राहक आयोगापुढे ठेवेल.

आता मुख्य मुद्दा. विम्याच्या प्रकरणात गाडी किती इंच उचलली याला फारसं महत्त्व नाही. उचलल्यामुळे अपघात झाला का, हा खरा प्रश्न आहे. तुमच्या पत्रातलं ‘ब्रेक दाबला तरी गाडी पुढेच सरकत गेली’ हे वाक्य वाचून मी थांबलो. अशा अनेक गाड्यांच्या चासीवर (सांगाड्यावर) मागच्या ॲक्सलजवळ, म्हणजे चाकांच्या आसाजवळ, एक छोटा वाल्व असतो आणि त्याची पातळ दांडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडीत भार असला की चासी खाली बसते, दांडी वर ढकलली जाते आणि मागच्या ब्रेकला दाब जास्त मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत. कॅराव्हॅनमध्ये पलंग, पाणी, बॅटऱ्या, स्वयंपाकघर असा भार कायमचाच. ब्लॉक घालून चासी तीन इंच वर गेली आणि दांडी नव्याने जुळवली नाही, तर भरलेली गाडी वाल्वला रिकामी वाटते. उतारावर मागचे ब्रेक निम्मेशिम्मे काम करतात.

तुमच्या गाडीला असा वाल्व आहे का, दांडी जुळवली होती का, हे गाडीखाली झोपून बघितल्याशिवाय कळणार नाही. म्हणूनच ब्लॉक काढू नका म्हटलं. विमा कंपनीशी किंवा गॅरेजशी संबंध नसलेल्या एखाद्या ऑटोमोबाइल अभियंत्याला बोलवा, दोन्ही पक्षांना लेखी कळवून त्याच्याकडून फोटोसह अहवाल घ्या, आणि मगच अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी पूर्ववत करा. बिलं जपून ठेवा.

अहवाल काहीही आला तरी तुम्ही मोकळ्या हाताने परतत नाही. उंचीचा अपघाताशी संबंध नाही, ओल्या रस्त्याने आणि ट्रकमुळे घडलं, असं निघालं तर विमा कंपनीची बाजू लंगडी पडते. अटीचा भंग झाला तरी दावा सरसकट न फेटाळता 75 टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, हे अमलेंदु साहू प्रकरणात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे. दांडीच जबाबदार निघाली तर मात्र खरं सांगतो, विमा कंपनीविरुद्धची बाजू कमजोर होईल. पण तोच अहवाल गॅरेजविरुद्ध तुमचा सर्वांत मोठा पुरावा ठरेल. ‘पासिंगला काही अडचण येत नाही, बिनधास्त चालवा’ हा त्यांचा व्हॉट्सॲपवरचा निरोप पुसू नका. तो फोनही विकू नका, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं.

लोकपालाकडे जाऊ की आयोगाकडे? विमा लोकपाल फक्त विमा कंपनी किंवा विमा ब्रोकरविरुद्धची तक्रार ऐकतात, गॅरेजला तिथे बोलावता येत नाही. म्हणून मी तुम्हाला रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला सांगेन. तिथे दोघांनाही प्रतिपक्ष करता येतं. गॅरेज कोल्हापूरचं असलं तरी 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथे तक्रार चालते, आणि मोबदला, म्हणजे सेवेसाठी तुम्ही मोजलेले पैसे, पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. दावा नाकारल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, पण तेवढं थांबू नका. तक्रारीआधी विमा कंपनीकडे सर्व्हेअरच्या (नुकसान तपासणाऱ्याच्या) अहवालाची प्रत लेखी मागा. नकाराच्या पत्रात जे कारण दिलं, त्याबाहेरचं नवं कारण कंपनीला पुढे आणता येत नाही, म्हणून ते पत्र लॅमिनेट करण्याइतकं जपा.

टाकीचं काय? दुखणं पाट्यांत नव्हतंच, ते नळात होतं. कॅराव्हॅन बनवणाऱ्याकडून एआयएस-124 या कॅराव्हॅनसाठीच्या मानकाखालचं मंजुरीपत्र आणि नकाशा मागवा. नकाशात टाकी जिथे दाखवली आहे तिथेच ती प्रत्यक्षात आहे का, ते टेपने मोजा. मंजुरीनंतर ती खाली लटकवली असेल, तर जबाबदार तिसराही कोणी आहे. एकदा वजनकाट्यावरही गाडी न्या, अर्थात टो करून. एकूण वजन आरसीवरच्या आकड्याच्या वर गेलं असेल तर पाटे का बसले, ते तिथेच कळेल. नळ वर घेऊन बाजूला वळवणं, टाकी चासीच्या आत सरकवणं, हे सगळं बनवणाऱ्याच्या लेखी संमतीने करा. त्याने आरसीतला एकही आकडा बदलत नाही आणि कलम 52 ची धास्तीही नाही. तोवर दाभोळला जायचं झालं तर दुसऱ्या गाडीने जा.

सर्व्हेअरचा अहवाल हाती आला की पहिल्या पानावरची नुकसानीची यादी सोडा आणि ब्रेकबद्दल त्यात एक तरी ओळ आहे का, ते बघून मला कळवा.