कस्टमर सपोर्टला लागतोयस? शिफ्टचं आधी विचारून घे

रोस्टर, म्हणजे कुणाची कोणती शिफ्ट याचं वेळापत्रक, किती दिवस आधी लागतो, हे रुजू होण्यापूर्वीच विचार. पगाराचं सगळेच विचारतात, हे कुणी विचारत नाही. मग रविवारी रात्री कळतं की सोमवारी पहाटेची शिफ्ट आहे. शिफ्ट फिरत्या असतील तर सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने फिरतात का तेही बघ. उलटा क्रम शरीराला जास्त जड जातो, कारण झोप पुढे ढकलणं जमतं, अलीकडे ओढणं तितकं जमत नाही. रात्रपाळीच्या शेवटच्या ५-६ तासांत चहा-कॉफी नकोच.

शिफ्टची अदलाबदल तोंडी कधीच करू नकोस. मी केली होती. समोरचा आलाच नाही आणि गैरहजेरी माझ्या नावावर लागली. तेव्हापासून टीम लीडचा मेसेजवर होकार आल्याशिवाय मी पाळी बदलत नाही.

कॉलनंतर नोंदी लिहायला मिळणारा वेळ पूर्ण वापर. कुणी शिवीगाळ केली असेल तर हेडसेट काढ, घोटभर पाणी पी, मगच पुढचा कॉल घे. आणि हो, संगणक सुरू करून लॉगिन होईपर्यंत जाणारी मिनिटं कामाच्या वेळेत धरतात का, हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट करून घे.