घरीच तर असतो, मग दमतो कशाने?

"मॅडम, हिंजवडीला जायचे-यायचे तीन तास वाचतात. दुपारी घरचं गरम जेवण मिळतं. मग मी एवढा दमतो कशाने?"

घरून काम करणाऱ्यांकडून हा प्रश्न मी 2020 पासून ऐकत आले आहे. विचारताना बहुतेकांच्या आवाजात थोडी शरम असते. घरी बसून दमण्याचा आपल्याला हक्कच नाही, असं त्यांना वाटत असतं. म्हणून एका घराची हकिगत सांगते. त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

तो अडतीस वर्षांचा, सिंहगड रोडला राहणारा, न्यूयॉर्कच्या क्लायंटचं काम बघणाऱ्या टीमचा लीड. झोप लागत नव्हती. लॅपटॉपवर कॉलची रिंग वाजली की छातीत धस्स व्हायचं. डॉक्टरांनी ईसीजी, थायरॉईड, साखर सगळं तपासलं, काही निघालं नाही, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाठवलं.

मी त्याला आठवडाभर एकच नोंद करायला सांगितली. ऑफिसचा पहिला मेसेज किती वाजता पाहिला आणि शेवटचा किती वाजता. शिवाय प्रत्यक्ष काम किती तास केलं, ते वेगळं लिहायचं. वही उघडून माझ्यापुढे ठेवली आणि तो गप्प बसला. काम रोज साडेआठ-नऊ तास. पण पहिला मेसेज पावणेसातला, अंथरुणातच. शेवटचा रात्री पावणेबाराला, "झोपण्याआधी एकदा" म्हणून. काम नऊ तासांचं आणि ड्युटी सतरा तासांची!

मधला वेळ मोकळा असला तरी शरीर त्याला आराम धरत नाही. मेसेज येईल म्हणून मन सावध असलं की झोपेला लागणारा सैलपणा येत नाही. हिंजवडीचा रस्ता वैताग आणायचा हे खरंच. पण वाकडच्या पुलापाशी अडकून पडल्यावर निदान ऑफिस हळूहळू मागे पडायचं. आता ऑफिस आणि घर यांच्यात बेडरूमपासून डायनिंग टेबलपर्यंतची पाच पावलं उरली होती, आणि फोन तर त्या पाच पावलांतही हातातच.

पुढच्या वेळी मी त्याच्या बायकोलाही बोलावलं. तिने तक्रार अशी काही केली नाही. बोलता बोलता एवढंच म्हणाली, "सातच्या आत मी कुकर उरकते. याच्या कॉलमध्ये शिट्टी नको." मुलगी सहा वर्षांची. बाबाच्या खोलीत शिरताना ती स्वतःच ओठांवर बोट ठेवते, कॉल चालू असो वा नसो. त्याने मान वर केली. "रविवारीपण?" त्याने विचारलं. बायको म्हणाली, "रविवारीपण."

त्या दिवशी आम्ही दुसरं काही बोललो नाही. एकाच्या कामाचा ताण कुकरपर्यंत आणि मुलीच्या बोटापर्यंत कसा पोचतो, हे त्याला दिसायला हवं होतं, आणि दिसलं.

मग साध्या गोष्टी ठरवल्या. काम संपलं की उद्याची तीन कामं कागदावर लिहायची, म्हणजे ती डोक्यात धरून ठेवावी लागत नाहीत. लॅपटॉप बॅगेत, बॅग कपाटात. कपडे बदलायचे आणि खाली उतरून चौकातून दूध घेऊन यायचं. दूध आणण्याला तो आधी हसला होता, पण तीन आठवड्यांनी म्हणाला, "जिना चढून वर येतो ना, तेव्हा घरी आल्यासारखं वाटतं." रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला आणि उशाशी गजराचं घड्याळ.

एवढ्याने सगळं सुटत नाही, आणि सुटतं असं मी कुणाला सांगतही नाही. न्यूयॉर्कची सकाळी साडेनऊची मीटिंग म्हणजे आपली संध्याकाळ. ती श्वास मोजून टळत नाही. त्यासाठी मॅनेजरशीच बोलावं लागतं. काय बोलायचं, याची आम्ही माझ्या खोलीत दोनदा तालीम केली. रोजची मीटिंग आठवड्यातून दोनदा झाली, आणि त्या दोन दिवशी सकाळी अकराला सुरुवात. पूर्ण मागणी मान्य झाली नाही. फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून दूर राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. ताण एकट्या नोकरदाराने सांभाळावा, हे मला पटत नाही.

घरून काम करणं वाईट आहे, असंही माझं म्हणणं नाही. आजारी आईजवळ सांगलीत राहून नोकरी टिकवणारी एक मुलगी माझ्याकडे येते. तिच्यासाठी हे वरदान आहे. मात्र दोन-दोन आठवडे झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर दूध आणण्यावर थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

त्याची झोप आता बरीच सुधारली आहे. रिलीजच्या, म्हणजे तयार काम क्लायंटच्या हाती देण्याच्या, आठवड्यात अजून घडी विस्कटते. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातील, म्हणजे सातची मीटिंग आठला, ऐन जेवणाच्या वेळी. त्या दोन दिवशी जेवण आधी की नंतर, हे ठरवायला ते तिघंही येणार आहेत. मुलीने आधीच सांगून ठेवलंय, आधी.