जपानमधले 'हिकिकोमोरी' आणि तुमचा मावसभाऊ

तुम्ही विचारलंय की जपानमध्ये तरुण वर्षानुवर्षं खोलीत कोंडून घेतात हे खरं का, आणि इंजिनीअरिंग झाल्यापासून दीड वर्ष घरात बसलेला तुमचा मावसभाऊ त्यातलाच का. पहिलं खरं आहे. दुसऱ्याकडे जरा फिरून येते.

नोकरीमुळे मी चार वर्षं साइतामात एका सत्तरीच्या बाईंच्या घरी भाड्याने राहिले. पहिले पाच महिने मला वाटायचं की बाई एकट्याच आहेत. मग लक्षात यायला लागलं, त्या बाजारातून माशाचे दोन तुकडे आणतात. दाराशी पुरुषी बूट होते, नवेकोरे, एकही सुरकुती नसलेले. आणि रात्री दोनच्या सुमारास जिना वाजायचा, सरकतं दार हळूच उघडायचं, पंधरा मिनिटांनी प्लास्टिकची पिशवी चुरचुरत परत वर. तो त्यांचा मुलगा, चाळिशीतला. कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात जायचा, सपाता घालून, कारण त्या वेळी ओळखीचं कुणी भेटत नाही. चार वर्षांत बाई त्याच्याविषयी माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

यालाच 'हिकिकोमोरी' म्हणतात. तामाकी साइतो या मनोविकारतज्ज्ञांच्या 1998 सालच्या पुस्तकाने हा शब्द घराघरांत पोचवला. सहा महिने किंवा जास्त काळ शाळा, नोकरी, मित्र सगळं सुटलेलं असणं, ही ढोबळ खूण. सरकारच्या 2022 च्या पाहणीवरून अंदाज निघाला तो 15 ते 64 वयाच्या सुमारे 14.6 लाख लोकांचा. त्यात असे रात्री दुकानात जाणारेही धरलेत, म्हणजे खोलीचं दार कधीच न उघडणारे त्यातले थोडे. आणि 'तरुण' म्हणावं, तर पहिल्या पिढीतले आता पन्नाशीला आलेत. ऐंशीतले आईबाप आणि पन्नाशीतलं मूल, म्हणून तिकडे '8050 चा प्रश्न' असंच म्हणतात.

लोक खापर मोबाइलवर फोडतात. अहो, हा शब्द गाजला तेव्हा स्मार्टफोन होते कुठे? मला विचाराल तर गाठ शरमेची आहे. परीक्षा हुकते, नोकरी जाते, शाळेत कुणी छळतं, आणि मग चारचौघांना तोंड दाखवणं नको होतं. जपानीत 'सेकेन्तेई' म्हणून शब्द आहे. आपलं 'लोक काय म्हणतील' तेच. मूल तोंड लपवतं आणि घरचे मुलाला लपवतात.

आकिता प्रांतातल्या फुजिसातो या छोट्या गावात समाजकल्याण परिषदेच्या लोकांनी दारोदार जाऊन विचारपूस केली, तर 113 जण असे सापडले. आधी त्यांच्यासाठी करमणुकीचे कार्यक्रम ठेवले, कुणी फिरकेना. कामाचं प्रशिक्षण आहे म्हटल्यावर मात्र लोक यायला लागले. 'बिचारा' म्हणून बोलावलेलं कुणाला आवडतं?

हा फक्त जपानी प्रकार नाही. दक्षिण कोरियाने 2023 मध्ये अशा 9 ते 24 वयाच्या मुलांना महिन्याला साडेसहा लाख वॉनपर्यंत मदत जाहीर केली, इटलीत पालकांची संघटना आहे, आणि 2015 मध्ये छापून आलेल्या चार देशांच्या एका अभ्यासात भारतातलेही लोक होते. सदाशिव पेठेत खोली करून राहिलेला, तिसऱ्यांदा पूर्व परीक्षा हुकल्यावर 'गावी कोणत्या तोंडाने जाऊ' म्हणून दिवाळीलाही न गेलेला मुलगा माझ्याही ओळखीत आहे. तो हिकिकोमोरी नाही, पण त्या वाटेचं पहिलं वळण हेच.

तुमच्या भावाचं निदान मी करणार नाही. आत नैराश्य किंवा दुसरा आजारही असू शकतो, ते डॉक्टरच सांगतील. तो येणार नाही म्हणून अडून बसू नका. जपानमध्येही बहुतेकदा आधी आईवडीलच जातात. मावशींना 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्या, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि पाहुणे आले की 'तो झोपलाय' म्हणणं तेवढं थांबवायला सांगा. भिंतीपलीकडून त्याला ते ऐकू जातं.