वाचकांचे प्रश्न : तेल किती, कुठे आणि कोणते?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे यंत्रमाग आहेत. प्रत्येक पाळीला भरपूर तेल सोडतो, तरी बॉटम शाफ्टचे (मागाच्या खालच्या फिरत्या दांड्याचे) बुश, म्हणजे तो ज्यात फिरतो त्या धातूच्या बाह्या, गरम होतात आणि लवकर झिजतात. टॉवेलवर काळे डाग पडतात ते वेगळेच. खर्च वाचावा म्हणून गाडीचे उतरवलेले तेल वापरतो. चुकते कुठे?

उत्तर : आधी ते उतरवलेले तेल बंद करा. त्यात काजळी, धातूचा कीस आणि आम्ल असते. काजळीचा डाग धुलाईत नीट निघत नाही आणि कीस बुशात कानशीसारखा काम करतो. असे तेल रोज हाताला लागणे कारागिरांच्या त्वचेलाही घातक असते.

आता बुश का झिजतो ते पाहू. फिरणारा शाफ्ट तेलाला आपल्याबरोबर ओढतो आणि बुशातल्या निमुळत्या फटीत कोंबतो. तिथे तेलाचा दाब इतका वाढतो की शाफ्ट त्यावर उचलला जातो, मग धातूला धातू लागतच नाही. तेलाचा हा थर काही मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ब्यूचॅम्प टॉवर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. त्यांनी बेअरिंगला भाराच्या बाजूने तेलाचे भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी वर येऊ लागले. भोकात बूच मारले, ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही फेकली गेली. यातून तुमच्या कामाची गोष्ट अशी : भोक किंवा खाच भार पडतो त्या बाजूला असेल तर दाब तिथूनच निसटतो आणि थर मोडतो. नवीन बुश बसवताना जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला, हे तपासायला सांगा.

बॉटम शाफ्ट क्रँक शाफ्टच्या, म्हणजे मागाच्या वरच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. वेग कमी म्हणून तेल कमी ओढले जाते, थर पातळ राहतो. तिथे थोडे जाड तेल हवे. क्रँकला ६८ नंबरचे चालत असेल तर बॉटम शाफ्टला १०० वापरून पाहा. डब्यावरचा हा नंबर ४० अंशांवरच्या घट्टपणाचा असतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली हवाच तेवढी तापलेली असते, त्यात बुश ६० अंशांवर गेला की ६८ नंबरचे तेल निम्म्याहून अधिक पातळ होते. धुऊन निघणारे, म्हणजे स्कॉरेबल लूम ऑइल घ्या. पिकिंग शाफ्टसारखे (धोटा फेकणाऱ्या दांड्यासारखे) भाग पूर्ण फिरत नाहीत, मागेपुढे डुलतात. प्रत्येक वळणावर वेग शून्य होतो आणि थर टिकत नाही, तिथे ग्रीस बरे.

‘भरपूर’ सोडलेले तेल बुशात राहत नाही. ते गळते, सुताची तुसं ते वातीसारखे शोषतात आणि कापडापर्यंत नेतात. तीच तुसं भोकही बुजवतात, म्हणजे बाहेर सगळे तेलकट आणि आत कोरडे. माग बंद करून आधी ब्रशने तुसं काढा, तारेने भोक मोकळे करा, मग तीन-चार थेंब सोडा. पाळीच्या सुरुवातीला एकदा आणि मध्ये एकदा. शाफ्ट ४० मिलिमीटरचा असेल तर नव्या बुशात साधारण ०.०४ ते ०.०८ मिलिमीटर मोकळीक ठेवा. शाफ्ट हाताने खडखडत असेल तर कितीही तेल घाला, दाब धरणार नाही. बुश बदला.

प्रश्न : मोटरसायकलमध्ये कारचे इंजिन ऑइल चालेल का?

उत्तर : नको. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात असतात. कारच्या तेलातली घसरण वाढवणारी द्रव्ये क्लचप्लेटही घसरवतात. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही तेलातल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण पाहून घ्या.

प्रश्न : ट्रॅक्टरचे नवीन तेल थोड्याच तासांत काळे पडते. भेसळ असेल का? (मोहोळ तालुका)

उत्तर : काळे पडणे हा दोष नाही. डिझेलची काजळी तेलाने धरून ठेवायचीच असते, ती धरली नाही तर तिचा गाळ बसतो. काळजी वेगळ्या खुणांची करा. तेल दुधाळ किंवा चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. पातळी आपोआप वाढली आणि डिझेलचा वास आला तर डिझेल मिसळत आहे. दोन्हीत इंजिन चालू ठेवू नका.

आपल्या भागात इंजिनचा खरा शत्रू म्हणजे धूळ. धुळीतला वाळूचा कण पोलादालाही ओरखडे काढतो आणि तेलाच्या थराएवढा बारीक कण सर्वांत जास्त नुकसान करतो. ऊसतोडीच्या दिवसांत ऑइल-बाथ एअर क्लीनरची, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेतली धूळ तेलात पकडणाऱ्या गाळणीची, वाटी रोज उघडून पाहा. तळाशी चिखल साचला की धुऊन खुणेपर्यंत नवीन तेल भरा, खुणेच्या वर नाही. इंजिनचे तेल बदलताना फिल्टर बदलाच. फिल्टर चोंदला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळताच बेअरिंगला जाते. जुने तेल इंजिन गरम असताना काढा, म्हणजे गाळ त्यासोबत निघतो.

प्रश्न : बोअरच्या मोटरीला ग्रीस कुठून भरायचे? दोन वर्षांत दोनदा बुश गेले. (करमाळा)

उत्तर : बहुतेक सबमर्सिबल मोटरींना ग्रीस लागतच नाही, त्यांचे वंगण पाणीच असते. मोटरीत भरलेले पाणी तळाच्या थ्रस्ट बेअरिंगला (शाफ्टचा उभा भार पेलणाऱ्या बेअरिंगला) आणि बुशांना थर देते, पंपाच्या बुशांना बोअरचे पाणी. म्हणून मोटर खाली सोडण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी काठोकाठ भरा आणि हलवून हवेचे बुडबुडे काढा. बुडबुडा राहिला तर वरचा बुश कोरडा चालतो. काही मोटरी तेल भरलेल्या असतात, आधी पाटी वाचा.

दोनदा बुश गेले म्हणजे मोटर कोरडी चालत असावी किंवा बोअर वाळू देत असेल. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पंप मिनिटा-दोन मिनिटांतच तापतो. स्टार्टरला ड्राय रन प्रिव्हेंटर, म्हणजे पाणी संपले की मोटर बंद करणारे उपकरण, जोडा आणि पाणी साचायला पुरेसा वेळ देऊनच मोटर पुन्हा सुरू होईल असा टायमर लावा. जुना बुश फेकू नका, तो पाहा : आतून गोल फिरलेले ओरखडे किंवा चरे असतील तर वाळू, काळा पडून जळालेला असेल तर कोरडी चाल. वाळू निघाली तर मोटर तळापासून काही फूट वर घ्या आणि बोअर फ्लश करून घ्या.